उत्तनच्या वाटेवरची आठ तळी

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे सगळे पुरुष डेमॉन्स्ट्रेटर आपापल्या गावी पसार झाले, म्हणून ही कामगिरी माझ्या वाट्याला आली. भाईंदरकडच्या तळ्यांत एक परदेशी पाणवनस्पती शिरली आहे, ती कुठवर पोचली ते पाहायला झाडं ओळखणारं माणूस द्या, असं सरकारी पत्र आलं होतं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी ते माझ्यापुढे धरलं ते बहुधा मी 'नाही' म्हणेन या भरवशावर. मी 'जाते' म्हटलं. घरी आईने विचारलं, "तळी बघायचा पगार देतं सरकार?" पगार नाही, फक्त जाण्यायेण्याचा खर्च देतात, हे ऐकल्यावर तिने कपाळाला हात लावला. लढाई सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. दादरला सकाळ-संध्याकाळ त्याच बातम्या ऐकून माझं डोकं भणाणलं होतं, त्यामुळे चार दिवस उघड्यावर हिंडायला मिळणार यातच मी खूश होते.

जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवते. भाईंदरपर्यंत विजेची गाडी आहे, तिथवर काही अडचण नाही. बोरिवली सोडली की दोन्ही अंगांनी खाडीच्या खाऱ्या चिखलाची खाजणं सुरू होतात, आणि भाईंदर जवळ आलं की मिठागरं. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर मीठ दिसणार नाही. माणसं ओळीने उभी राहून वाफ्यांचा चिखल पायांनी तुडवताना दिसतील, आणि तेही बघण्यासारखं आहे. स्टेशनाबाहेर चहा आणि कांद्याची भजी मिळतात. पुढे उत्तनपर्यंत काही मिळेल या आशेवर राहू नका. उत्तनचा रस्ता म्हणजे बैलगाडी नाहीतर आपले पाय. चांगल्या चपला न्या, म्हणजे त्या हातात धरून चालताना निदान हळहळ तरी वाटेल.

माझ्यासोबत सरकारी खात्यातले दामले होते. पन्नाशीचे, सज्जन, पोह्यांचा डबा आणि छत्री यांच्याशिवाय घराबाहेर न पडणारे. त्यांची बहीण जुन्या भाईंदरात दिलेली होती, तिच्याकडेच आमचा मुक्काम. गाडीवान दिवसाचा रुपया मागत होता, दामल्यांनी त्याला बारा आण्यांवर आणलं आणि दिवसभर त्या चार आण्यांच्या खुशीत होते.

पहिलं तळं स्टेशनापासून जवळच, एका व्यापाऱ्याच्या बागेला लागून. ते पाहून मी गाडीतून उडीच मारली. खरं सांगायचं तर ते दृश्य सुंदर होतं. पाण्याचा थेंब दिसत नव्हता, सगळीकडे तुकतुकीत हिरवी पानं आणि त्यांतून वर आलेले फिकट जांभळ्या फुलांचे तुरे. आम्ही हिला जलपर्णी म्हणतो. पानांचे देठ फुगीर, म्हणून ती तरंगते, आणि बाजूने फुटवे काढत आठ-दहा दिवसांत दुप्पट पसरते. व्यापाऱ्याच्या माळ्याने अभिमानाने सांगितलं की शेठनी हौसेने मुंबईहून आणवलीय. मी त्याला विचारलं, बागेतून तळ्यात कशी गेली? तो म्हणाला, "हौदात मावेना, मग टाकली."

त्या दिवशी मुर्धे, राई, मोर्वे करत आम्ही एकूण पाच तळी पाहिली. पाचही झाकलेली. राईला एक बाई कळशीच्या बुडाने पानं बाजूला सारत होती. सारलेली पानं तिने कळशी बुडवेपर्यंत परत जागेवर येत होती. पाणी काळसर आणि वास मारणारं. मासे वर येऊन मेले, म्हशी देठांत पाय अडकून घाबरतात, डास तर विचारूच नका, असं लोक सांगत होते. "आली कुठनं ही?" असं विचारलं की प्रत्येक गाव मागच्या गावाकडे बोट दाखवायचं. मी नकाशावर तांबड्या पेन्सिलीने ठिपके देत गेले. संध्याकाळी पाहिलं तर सगळे ठिपके रस्त्याला धरून होते. रस्त्यापासून जरा आत असलेली दोन डबकी मात्र स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तनकडची आणखी दोन तळी पाहिली, तीही झाकलेली, आणि तिथेच उत्तर धावत आलं. उत्तनच्या कोळणी डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन गाडी गाठायला निघतात. त्या चालत नाहीत, धावतातच. पाटीवर ओला हिरवा पाला दाबलेला होता, आणि तो पाला जलपर्णीचा होता. मी पदर खोचून त्यांच्याबरोबर पळायला लागले. त्यांच्यातली एक, फिलूबाय नावाची, तिशीची, अंगाने बारीक, हसायला लागली.

"मास्तरनी, तुमची पन गारी चुकते का?"

मी धापा टाकत विचारलं, हा पाला कशाला?

"पाला न्हाय घातला त मासली थेशनावर जायपर्यंत नरम परते. केलीचा पाला लगेच सुकते. ह्यो न्हाय सुकत. बगा, फुग्यासारका हाय, थंड रेते."

"आणि सुकला की?"

"फेकून द्यायचा. परतताना पाटी तल्यात धुवायची, उद्याच्या पाल्याला चार झारं पाटीत टाकायची. फुकट हाय."

मी रस्त्यातच थांबले. स्टेशनाजवळच्या तळ्यातून रिकाम्या पाटीत रोपं निघायची, वाटेतल्या तळ्यात पाटी खंगाळली की दोन-चार तिथे राहायची, आणि असं करत करत उत्तनपर्यंत. बाजारात मऊ मासा कोण घेणार? बायकांनी एक उत्तम युक्ती शोधून काढली होती आणि त्या युक्तीने शेठचं तळं सोडून बाकीची सहा तळी बुडवली होती. मला कोडं सुटल्याचा इतका आनंद झाला की मी दामल्यांना लांबूनच हात करून बोलावलं. दामले म्हणाले, "वा बाई! रिपोर्ट तर तयारच झाला." त्यांनी त्याच जागी छत्रीखाली वही उघडली.

दुपारी आठवं तळं पाहिलं. डोंगरीच्या बाजूला, मुख्य रस्ता सोडून आत एक ख्रिस्ती पाडा आहे. त्याचं नाव देत नाही, कारण पुढे कळेल. पाड्याच्या मध्यभागी दगडी पायऱ्यांचं तळं, काठावर क्रूस, आणि पाणी इतकं नितळ की तळाची वाळू दिसावी. पाड्याचे पाटील बस्त्याव म्हणून, उंच, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी स्वतः फिरवून दाखवलं. पिण्याचं पाणी हे एवढंच. विहीर आहे, पण खाडीमुळे मचूळ. म्हणून तळ्याचे नियम कडक: कपडे नाहीत, जनावर नाही, आणि मासळीची पाटी तर पायरीलासुद्धा टेकवायची नाही.

"पाटी तिकरे लांब झाराखाली ठेवायची, हात धुवायचे, मंग पानी," पाटील म्हणाले. "माजी सकी भन असली तरी."

मी हे कौतुकाने वहीत लिहिलं. मग सकाळी मोर्व्याला काढलेलं रोप डब्यातून बाहेर घेतलं. कॉलेजच्या संग्रहात ठेवण्याजोगं ते पहिलंच अखंड रोप होतं, फुलासकट, फुटव्यांसकट, पण मुळं चिखलाने लडबडलेली. मुळं स्वच्छ असल्याशिवाय रोप कागदावर दाबायचं नाही, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी घसा फोडून सांगते. मी पायरीवर बसले आणि एकेक मूळ बोटांनी सोडवत रोप त्या नितळ पाण्यात धुतलं. पाटील शेजारी उभे राहून बघत होते.

"ह्योच का त्यो?" त्यांनी विचारलं.

"हाच," मी म्हटलं. "याच्यापासून तळं जपा."

पाटलांनी मान डोलावली. तिथल्या बायकांनी दिलेला नारळ खाऊन आम्ही निघालो.

रिपोर्ट मी मन लावून लिहिला. नकाशा जोडला, ठिपके जोडले, पाटीची आणि पाल्याची हकीकत लिहिली. शेवटी लिहिलं की आठवं तळं अजून शुद्ध आहे, त्याला धोका आहे तो फक्त मासळीच्या पाट्यांचा. त्यावर कचेरीने झटपट हुकूम काढला: कोळणींनी कुठल्याही तळ्यावर थांबू नये, पाला वापरू नये, आणि गावांनी तळी साफ करावीत. प्रिन्सिपॉलसाहेबांनी माझं सगळ्या स्टाफसमोर कौतुक केलं. गावी गेलेले डेमॉन्स्ट्रेटर जरा गप्प गप्प होते आणि मला ते आवडलं.

माघात कामाची पाहणी करायला आम्ही पुन्हा गेलो. आता मिठागरं ऐन भरात होती, बांधाबांधावर मिठाचे पांढरे ढीग. तुम्हाला जायचंच असेल तर या दिवसांत जा, डोळ्यांना त्रास होईल पण विसरणार नाही. तळी बहुतेक मोकळी झाली होती. मिठागरावरच्या आगरी गड्यांनी सांगितलं होतं की उपटलेला पाला खारट जमिनीवर पसरा, दोन दिवसांत मरतो. तसंच केलं होतं. राईची कळशीवाली बाई ओळखीचं हसली. दामले छत्रीचं टोक पाण्यात बुडवून म्हणाले, "बाई, चीज झालं."

कोळणी मात्र दिसल्या नाहीत. त्या आता तळी चुकवून खाजणाच्या बांधावरून लांबच्या वाटेने जात होत्या. गाडी कधी मिळायची, कधी नाही.

दुसरा दिवस रविवार होता. आम्ही पाड्यावर पोचलो तेव्हा इगर्जीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, मिस्सा ही रविवारची प्रार्थना चालू होती आणि तळ्यावर कोणी नव्हतं. मी पायऱ्या उतरले. पायरीच्या उजव्या हाताला, खोलीभर जागेत, जलपर्णी पसरली होती. दोन तुरे फुललेसुद्धा होते.

दामले हळहळले. "आणली शेवटी कुणीतरी पाटी."

तेवढ्यात मिस्सा सुटली. पाटील आम्हाला पाहून आले. ते खूप थकल्यासारखे दिसत होते. त्यांनी सांगितलं की पाला दिसल्याला महिना झाला. दोनदा उपटला, पुन्हा आला. आणणारी कोण तेही ठाऊक आहे. फिलू. तिचं माहेर इथलं, आई इथेच राहते, आणि मासळी विकून परतताना ती आईकडे यायची.

"ती बोलते मी पाटी तल्यावर नेली न्हाय. देवाची आन घेतली. पन कागदात लिवलाय ना, पाटीतून येते म्हनून. पंचांनी वाचला." त्यांनी खिशातून कागदाची घडी काढली. कचेरीचा शिक्का असलेला हुकूम होता, आणि त्यात माझंच वाक्य. "तिला पाड्यात यायला बंदी केली. आईला पन तल्याचा पानी बंद. म्हातारी विहिरीचा मचूल पानी पिते."

मी त्या पायरीकडे बघत राहिले. उजव्या हाताला. मी डब्यातून रोप काढलं तेव्हा डबा डावीकडे ठेवला होता आणि उजवीकडे वाकून मुळं धुतली होती. रोपाला तीन फुटवे होते. कागदावर दाबताना दोनच निघाले होते, आणि मी तेव्हा म्हटलं होतं, वाटेत गळाला असेल.

"पाटील," मी विचारलं, "दिवाळीपासून या पायरीवर कुणी कुणी काय काय धुतलं?"

"कोन न्हाय. नियमच हाय." मग ते थांबले. "तुमी सोरून."

"तुम्ही होतात की तिथे. मला थांबवलं का नाही?"

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना प्रश्न खरोखरच कळला नव्हता. "तुमी मास्तरनी. तुमी चुकाल असा मनात पन आला न्हाय."

दामल्यांनी मला बाजूला घेतलं. "बाई, झालं ते झालं. रिपोर्ट वर गेलाय, हुकूम निघालाय. सात तळी बरोबर होती ना? एकासाठी सगळंच खोटं पडेल. आपण इथलं गडी लावून साफ करून टाकू." वाईट माणूस नव्हता तो. त्याने सांगितलेला रस्ता सोपा होता आणि मी क्षणभर त्या रस्त्याने मनातल्या मनात चालूनही आले, हे लपवत नाही.

इगर्जीतून बाहेर पडलेली माणसं तळ्याभोवती जमली होती. मी वर्गात बोलते तशा आवाजात बोलायला लागले. म्हटलं, हा पाला फिलूबायने आणला नाही, मी आणला. या पायरीवर मी रोप धुतलं, त्याचा एक कोंब इथे राहिला. कागदात लिहिलंय ते इथल्यापुरतं चूक आहे आणि ते मीच लिहिलंय.

एक माणूस हसला, त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग गर्दीतून लाल लुगड्यातली एक म्हातारी पुढे आली. ती फिलूबायची आई होती हे मला नंतर कळलं. तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "मंग पाला कारा."

मी कासोटा घालून पाण्यात उतरले. पाणी कमरेपर्यंत होतं आणि गार. जलपर्णी उपटणं वाटतं तितकं सोपं नाही. देठ ओढला की देठच हातात येतो आणि मूळ खाली राहतं, म्हणून हात खालून घालून अख्खं रोप उचलावं लागतं, एकही कोंब सुटू न देता. थोड्या वेळाने पाटील धोतर खोचून उतरले, मग त्यांच्या पाठोपाठ आणखी चार-पाच जण. दामले काठावर उभे राहून निसटलेले कोंब छत्रीच्या मुठीने ओढून देत होते. दुपारी आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी मिळाली. चटणी इतकी झणझणीत होती की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायला मला एक कारण मिळालं.

काम दुसऱ्या दिवशीही पुरलं. त्या दिवशी उन्हं वर आल्यावर फिलूबाय आली. तिला कुणी निरोप दिला ते माहीत नाही. डोक्यावर रिकामी पाटी. ती तळ्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पाटील, पाटी टेकू?"

बस्त्याव पाटील खोल बाजूला छातीपर्यंत पाण्यात होते. त्यांनी मान खाली घातली. "टेक बाय."

तिने पाटी पायरीवर ठेवली, उपटलेला पाला तीत दाबून भरला आणि खाजणातल्या खारट जमिनीकडे निघाली. दिवसभर ती आणि तिची आई अशा फेऱ्या घालत होत्या. फिलूबाय माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मीही तिच्या वाटेला गेले नाही.

संध्याकाळी तळं मोकळं झालं. पुढचे सहा महिने रोज कुणीतरी पायरीवर बसून लक्ष ठेवायचं, एक पान दिसलं तरी काढायचं, असं ठरलं. म्हातारीने पहिली कळशी भरली तेव्हा लोक बाजूला झाले. दामले गाडी आणायला पुढे गेले आणि मी फिलूबायला गाठलं. मी तिची माफी मागितली. ती ऐकून घेत चालत राहिली. म्हटलं, पाटलांनी तुझ्यावरची बंदी काढली, मी कचेरीलाही लिहीन, पाल्याऐवजी समुद्रकाठच्या भेंडीच्या झाडांची पानं चालत असतील तर तळ्याकाठची वाट तुम्हाला मोकळी करून मागेन.

"भेंडीचा पाला चालेल," ती म्हणाली. मग थोडं पुढे गेल्यावर: "तुमी एकदा बोललात, झाला. मी महिनाभर बोलत होते."

ती रागाने बोलली नव्हती. वाटेचं अंतर सांगावं तसं सांगितलं आणि पाटी सावरून उत्तनच्या दिशेने वळली.

घरी आल्यावर मी दुसरा रिपोर्ट लिहिला. कचेरीने तो मान्य केला. भेंडीच्या पानांची परवानगी आली आणि कोळणी पुन्हा तळ्यांच्या वाटेने धावायला लागल्या, असं दामल्यांनी पत्राने कळवलं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी पुन्हा सगळ्या स्टाफसमोर माझं कौतुक केलं. चूक कबूल करायला धैर्य लागतं, असं काहीसं बोलले. टाळ्यासुद्धा झाल्या. या खेपेला मला त्या आवडल्या नाहीत.

तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर जरूर जा. माघात जा, चपला न्या, वाटेतल्या कुठल्याही तळ्यात काही म्हणजे काही धुऊ नका. मला त्या प्रवासातून फुलं आठवतात, मीठ आठवतं, पाण्याचा गारठा आठवतो. पण रात्री पाठ टेकली की मनात येतं ते दुसरंच. मी चुकीचं लिहिलं तेव्हा अख्ख्या पाड्याने ते खरं मानलं. मी चूक सांगितली तेव्हा तेही लगेच खरं मानलं. आणि जी बाई पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती, तिचं खरं ठरायला मला यावं लागलं.